मान कललेला ससा आणि आपले ऋण

मनुष्याने मुक्या प्राण्यांवर प्रेम करावे की नाही, असे आता कोणी विचारीत नाही. करावे, असेच सर्वजण म्हणतात. खरा प्रश्न त्यापुढे उभा राहतो. प्राणी आजारी पडला, त्याचे दुखणे लांबले, त्याच्यावरील खर्च त्याच्या किमतीच्या अनेक पट झाला आणि एवढे करूनही तो पूर्ववत होईल याची शाश्वती नसली, तर त्या प्रेमाचे काय करावयाचे? ते तेव्हा भावना न राहता कर्तव्य होते काय? होत असल्यास त्या कर्तव्याची मर्यादा कोणती? ह्या प्रश्नांचा विचार आम्ही येथे सशासारख्या एका अगदी लहान प्राण्याच्या निमित्ताने करणार आहोत.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ह्या तिन्ही शहरांत बैठी घरे जाऊन इमारती उभ्या राहिल्या. अंगण गेले, त्याबरोबर अंगणातली कोंबडी आणि दारातली शेळीही गेली. मुलांना मात्र जिवंत सोबत हवीच असते. मग वाढदिवसाला किंवा परीक्षेत चांगले गुण मिळाले म्हणून मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटातून नाहीतर जवळच्या दुकानातून सशाचे पिल्लू घरी येते. ससा भुंकत नाही, त्याला फिरावयास न्यावे लागत नाही आणि शेजाऱ्यांची तक्रारही येत नाही. म्हणून तो सोपा वाटतो. हा प्राणी नीट सांभाळल्यास आठ-दहा वर्षे जगतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

मग एखाद्या सकाळी ह्या सशाची मान एका बाजूस कललेली दिसते. डोळ्यांची बुबुळे आपोआप डावी-उजवीकडे हलत राहतात. तो उभा राहू पाहतो आणि पडतो. कित्येकदा तर तो लाकडाच्या ओंडक्यासारखा स्वतःभोवती लोळत जातो. पाहणाऱ्याचा जीव कळवळतो. कोणी म्हणते झटका आला, कोणी म्हणते लकवा झाला, कोणी नजर लागली असेही म्हणते. वस्तुतः हा बहुधा तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा विकार असतो. कानाच्या अगदी आतल्या भागात आणि मेंदूत शरीराचा तोल राखण्याची जी व्यवस्था परमेश्वराने केली आहे, ती बिघडलेली असते. कधी कानात खोलवर जंतूंचा संसर्ग होऊन पू साठतो. कधी ‘एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली’ नावाचा सूक्ष्म परजीवी मेंदूला इजा करतो. सशांमधील हा परजीवी शास्त्रज्ञांना १९२२ सालापासून ठाऊक आहे. तो आजारी सशाच्या मूत्रातून पसरतो आणि अनेक सशांच्या शरीरात काही त्रास न देता राहूनही जातो. कधी डोक्यास बसलेला मार हेही कारण असते. ससा त्या वेळी भोवळीच्या चक्रात सापडलेला असतो. जमीन कोठे आणि छत कोठे, हे त्याला उमगत नाही.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात असेच घडले. मुलगा सातवीत शिकणारा, वडील अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस. परळला पशुवैद्याकडे जाणे-येणे, तपासणी आणि औषधे ह्यांचा हिशेब मांडून वडील म्हणाले, “फादर, आता तुम्हीच ह्याला समजवा. पाचशे रुपयांचा ससा आणि औषधाला पाच हजार! मी याला दुसरा आणून देतो म्हणतो, तर हा ऐकतच नाही.” हे वडील निर्दय नव्हते. घराचे हप्ते आणि शाळेची फी पाहून बोलणारा कोणताही संसारी माणूस हेच म्हणेल. त्यांच्या त्या एका वाक्यात दोन वेगळे विचार होते आणि ते वेगळे करून पाहिले पाहिजेत. एक विचार खर्चाचा आणि दुसरा ‘दुसरा आणून देतो’ हा.

प्रथम दुसरा विचार घेऊ. वस्तू बिघडली तर नवी घ्यावी, हा बाजाराचा नियम आहे आणि आपली ही शहरे बाजार चांगलाच ओळखतात. फाळणीनंतर सर्वस्व गमावून आलेल्या सिंधी निर्वासितांनी कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत संसार मांडले. १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. त्या लोकांनी कष्टाने जी बाजारपेठ उभी केली, तिच्यात आज हवी ती वस्तू स्वस्तात मिळते. वस्तूच्या बाबतीत हा नियम योग्यच आहे. परंतु आजारी जिवाच्या बाबतीत तो लावला, तर मूल त्यातून काय शिकते? जो उपयोगी आहे, सुंदर आहे, ताठ मानेने बसतो, तोच आपला. ज्याची मान कलली तो बदलून घ्यावयाचा, हेच ना? हा धडा सशापाशी थांबत नाही. ज्या मुलाने बालपणी तो गिरविला, तो पुढे घरातील अंथरुणास खिळलेल्या माणसाकडे कोणत्या नजरेने पाहील, याचा विचार आईवडिलांनी करावा.

तेराव्या शतकातील थोर धर्मपंडित संत थॉमस अक्विनास यांनी याच दिशेने विचार मांडला होता. प्राण्यांशी क्रूरपणे वागणारा मनुष्य हळूहळू माणसांशीही क्रूर होऊ लागतो, म्हणून प्राण्यांवर दया करावी, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो खराच आहे. परंतु तेवढ्यावर थांबल्यास ससा म्हणजे आपल्या सद्गुणांचा सराव करण्याची केवळ पाटी ठरतो. ख्रिस्तसभेची शिकवण त्यापुढे गेली आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात, तसेच पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ सालच्या ‘लाऊदातो सी’ ह्या परिपत्रकात असे सांगितले आहे की, प्रत्येक प्राणी केवळ आपल्या असण्यानेच परमेश्वराचे गौरव करीत असतो. म्हणजे त्याचे मोल आपल्या उपयोगावर किंवा आवडीवर अवलंबून नाही. मान कललेला ससा शोभेचा राहिला नाही म्हणून निर्मात्याच्या दृष्टीने त्याचे मोल कमी होत नाही.

आता खर्चाचा विचार. धर्मशिकवणीच्या त्याच ग्रंथात दोन गोष्टी शेजारीशेजारी मांडल्या आहेत. प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेस शोभत नाही, ही एक. माणसांचे दुःख दूर करण्यासाठी जो पैसा प्रथम खर्च व्हावयास हवा, तो प्राण्यांवर उधळणेही तितकेच अशोभनीय, ही दुसरी. कोणी पहिले वाक्य धरतो, कोणी दुसरे, आणि घरोघरी वाद होतात. परंतु ही दोन वाक्ये परस्परांची वैरी नाहीत. त्यांचे नाते प्रभू येशूने स्वतः दाखवून दिले आहे.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातील प्रसंग वाचकांना आठवत असेल. शब्बाथ दिवशी सभास्थानात वाळलेल्या हाताचा एक मनुष्य आहे आणि त्याला बरे करणे योग्य की अयोग्य, असा प्रश्न घालून विरोधक प्रभूला पेचात पकडू पाहत आहेत. प्रभू त्यांना एक मेंढरू असलेल्या माणसाची आठवण देतो. त्याचे ते मेंढरू शब्बाथ दिवशी खड्ड्यात पडले तर तो ते वर काढीलच. मग मनुष्य तर मेंढरापेक्षा कितीतरी मोलाचा! त्या काळी ही गोष्ट सर्वमान्य होती असेही नाही. मृत समुद्राजवळ सापडलेल्या हस्तलिखितांतील एका पंथाच्या नियमावलीत शब्बाथ दिवशी खड्ड्यात पडलेले जनावर वर काढण्यास मनाईच आहे. प्रभू मात्र साध्या शेतकऱ्याच्या दयाबुद्धीवर विश्वास टाकतो आणि तिच्या आधारावर आपला सारा युक्तिवाद उभा करतो.

ह्या युक्तिवादाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. माणूस मेंढरापेक्षा श्रेष्ठ, म्हणून मेंढरू खड्ड्यातच राहू द्या, असे प्रभू म्हणत नाही. मेंढरू तर तुम्ही काढताच, मग माणसासाठी त्याहून कितीतरी अधिक करा, असे तो म्हणतो. ‘कितीतरी अधिक’ ह्या शब्दांना खाली काहीतरी आधार लागतो. ज्याने मेंढरू काढलेच नाही, त्याच्यापाशी मोजण्याचे मापच नाही. त्याने कशाच्या मानाने अधिक करावयाचे? तेव्हा मुक्या जिवाची सेवा ही माणसाच्या सेवेची प्रतिस्पर्धी नसून तिची पहिली पायरी आहे, आणि त्याच वेळी ती आपली साक्षीदारही आहे. सशासाठी आपण जे केले, ते उद्या आपल्याला विचारणार आहे की, माणसासाठी तू त्याहून अधिक काय केलेस?

आपल्या महाराष्ट्रालाही हे सत्य अपरिचित नाही. पैठणच्या संत एकनाथांची कथा येथे घरोघरी सांगितली जाते. रामेश्वराला वाहण्यासाठी दुरून आणलेले गंगोदक त्यांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात ओतले. देवासाठी राखलेले पाणी जनावरास पाजल्याने देवाचे काही उणे झाले, असे आजवर कोणत्याही श्रोत्यास वाटलेले नाही.

शिवाय ह्या दुखण्यात सशाला जे लागते, त्यातील बहुतांश पैशाने विकत मिळत नाही, ही गोष्टही ध्यानी घ्यावी. पशुवैद्याकडे तातडीने जाणे आवश्यकच आहे. सशांचे दुखणे जाणणारा वैद्य आपल्या भागात शोधावा लागतो; न मिळाल्यास परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालयासारख्या ठिकाणी जावे लागते. बदलापूर हे मुंबईच्या मुख्य टर्मिनसपासून ६८ किलोमीटरवर. लोकलच्या गर्दीत टोपली मांडीवर घेऊन जाणे सोपे नाही. परजीवीचा संशय असल्यास वैद्य फेनबेंडाझोल हे जंतनाशक साधारणतः २८ दिवस देतात. कानाचा संसर्ग असल्यास प्रतिजैविक दीर्घकाळ द्यावे लागते. घरात उरलेली माणसांची औषधे मनाने देणे मात्र घातक होय. पेनिसिलीन व अमॉक्सिसिलीन ह्या जातीची औषधे तोंडावाटे दिल्यास सशाच्या आतड्यातील उपकारक जंतू मरून ससाच दगावू शकतो.

औषधाची बाटली घरी आल्यावर खरी सेवा सुरू होते. लोळणाऱ्या सशाला दुखापत होऊ नये म्हणून एका उथळ खोक्यात जुनी गोधडी अंथरून दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या ठेवावयाच्या, म्हणजे त्याला टेकण्यास आधार मिळतो. गुळगुळीत लादीवर त्याचे पाय घसरतात, म्हणून खोक्याबाहेरही सतरंजी हवी. त्याला एकदम उचलावयाचे नाही. उचलताच भोवळ वाढते आणि तो भयाने धडपडतो. उचलावेच लागले तर छातीशी घट्ट धरून सावकाश. सशाचे आतडे सतत चालू राहावे लागते. बारा तास पोटात काही गेले नाही तरी जिवावर बेतते. म्हणून गवत तोंडाशी धरावयाचे, पाणी उथळ वाटीत द्यावयाचे आणि तो खात नसेल तर पातळ केलेले खाद्य सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या बाजूने थेंबाथेंबाने भरवावयाचे. रात्री उठूनही हे करावे लागते. मानेच्या कलामुळे खालच्या बाजूस गेलेला डोळा नीट मिटत नाही आणि घासला जातो. त्यात वैद्याने दिलेले थेंब घालावयाचे. ससा स्वतःला स्वच्छ ठेवू शकत नाही, म्हणून ओला झालेला भाग पुसून कोरडा करावयाचा. पावसाळ्यात तर हे फारच जपावे लागते, कारण ओल्या केसांत माश्या अंडी घालतात. साठविलेल्या गवताला बुरशी लागते, तेही पाहावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत बदलापूरचा पारा चाळिशी गाठतो, तेव्हा हा केसाळ जीव उन्हाच्या झळीने आणखी खचतो. त्याच्याजवळ ओले फडके टांगावे लागते आणि वीज गेल्यास पुठ्ठ्याने वारा घालावा लागतो.

ह्या यादीत पैसा किती आणि वेळ किती, हे वाचकांनीच पाहावे. जुनी गोधडी, गवत, वाटी, सिरिंज आणि जागरण करणारा एक माणूस. गरिबांच्या तोंडचा घास ह्या सेवेने हिरावला जात नाही. तो हिरावला जातो आपल्या चैनीने, आणि चैनीच्या वेळी आपल्याला गरिबांची आठवण क्वचितच होते. औषधाचा खर्च मात्र घराच्या ऐपतीप्रमाणेच व्हावा. कर्ज काढून किंवा मुलांच्या दूधभातात कपात करून तो करू नये. आपल्या ऐपतीत वैद्य जे सांगेल ते प्रामाणिकपणे करणे, एवढेच आपले ऋण आहे.

ऋण हा शब्द आम्ही जाणून योजला आहे. ससा आपण होऊन आपल्या घरी आला नाही. आपण त्याला आणले आणि पिंजऱ्यात ठेवले. त्याला बीळ खणता येत नाही, चारा शोधता येत नाही. त्याचे सारे पर्याय आपण काढून घेतले, तेव्हाच त्याचे ऋण आपल्यावर चढले. म्हणून ‘एवढा खर्च करावा काय’ हा प्रश्न आजारपणात विचारणे म्हणजे उशिरा विचारणे होय. तो ससा आणण्यापूर्वी विचारावयास हवा होता. प्राणी विकणाऱ्या दुकानांसाठी केंद्र शासनाने २०१८ साली नियम केले आहेत आणि अशा दुकानांना नोंदणी बंधनकारक आहे. परंतु घेणाऱ्याच्या सदसद्विवेकाची नोंदणी कोणतेही शासन करू शकत नाही. हा जीव दहा वर्षे सांभाळण्याची तयारी नसेल, तर मुलाला स्पष्टपणे ‘नाही’ म्हणणे हीसुद्धा प्राणिमात्रावरील दयाच आहे.

सेवेचा आणखी एक धोका सांगावयास हवा. प्रेमाच्या नावाखाली आपण पुष्कळदा स्वतःचीच हौस भागवितो. ससा आजारी आहे म्हणून त्याला सारखे कुरवाळणे, येणाऱ्या-जाणाऱ्यास दाखविणे, मांडीवर घेऊन बसणे, हे आपल्याला सुखावते. त्याला हवे असते ते मंद उजेडाचा शांत कोपरा. असिसीचे संत फ्रान्सिस यांची एक कथा त्यांचे पहिले चरित्रकार थॉमस ऑफ चेलानो यांनी नोंदविली आहे. ग्रेच्चो गावी फासात सापडलेले रानसशाचे पिल्लू एका बंधूने त्यांच्याकडे आणले. संतांनी त्याला आईच्या मायेने कुरवाळले आणि मोकळे सोडले. ते पुनःपुन्हा त्यांच्याच कुशीत परत येऊ लागले. शेवटी त्यांनी बंधूंना सांगून त्याला जवळच्या रानात पोहोचते केले. ते पिल्लू स्वतःहून येत होते, तरी संतांनी त्याला ठेवून घेतले नाही. कारण त्याचे हित रानात होते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ साली ज्यांना पर्यावरणशास्त्राचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केले, त्यांचे प्रेम असे निरपेक्ष होते.

मग सेवेचा शेवट कोठे? पुष्कळ ससे ह्या दुखण्यातून सावरतात. काहींची मान सरळ होते. काहींची आयुष्यभर थोडी कललेलीच राहते आणि तरीही ते खातात, धावतात, कान टवकारतात. त्यांना त्या कलाचे काही वाटत नाही. वाटते ते आपल्याला. पहिल्या काही दिवसांचे लोळणे पाहून धीर सोडू नये आणि केवळ आपल्याला पाहवत नाही म्हणून त्या जिवाचा अंत करू नये. परंतु सर्व उपाय थकले, खाणे सुटले, यातना वाढतच गेल्या आणि वैद्याने आशा नसल्याचे सांगितले, तर त्या प्राण्यास वेदनारहित मरण देण्यास धर्माची आडकाठी नाही. येथे माणूस आणि प्राणी यांतील भेद कधीही विसरू नये. मनुष्य देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला आहे. त्याचे प्राण हेतुपुरस्सर हरण करण्याचा अधिकार कोणालाही नाही. दुखणे कितीही असाध्य असले तरी नाही.

आणि आता त्या ‘कितीतरी अधिक’कडे परत यावयास हवे. वर सांगितलेल्या कुटुंबात त्या मुलाने आपला हट्ट पुरा केला. २८ दिवस तो पहाटे उठून सशाला भरवीत होता. त्याच घरात आतल्या खोलीत त्याची आजी पक्षाघाताने अंथरुणावर आहे. तिचे जेवण वेळेवर होत असे, औषधेही होत असत, परंतु तिच्यापाशी बसावयास कोणास फारशी सवड नसे. पुढे त्या मुलाची आई आम्हांला म्हणाली, “फादर, सशाला घास गिळायला किती वेळ लागतो, ते आम्ही सगळे बघत बसायचो. मग आजींना भरवताना आपण किती घाई करतो, ते माझ्या लक्षात आलं.” तिने सासूला सावकाश भरविण्यास सुरुवात केली आणि संध्याकाळी मुलाला आजीजवळ बसविले. सशाने हे घडविले असे आम्ही म्हणणार नाही. ते तिच्या सदसद्विवेकाने घडविले. पण माप तिला त्या सशाच्या खोक्यापाशी मिळाले. त्या सशाची मान अजूनही थोडी कललेली आहे, असे कळते.

ससा हा ओरडून दुःख सांगणारा प्राणी नव्हे. शिकार होणाऱ्या सर्वच प्राण्यांप्रमाणे तो आपले दुखणे लपवितो, आणि ते दिसू लागते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. त्याची सेवा करणाऱ्यास न बोललेले दुःख ओळखण्याची सवय करावी लागते. आपल्या धर्मग्रामांत असे न बोलणारे पुष्कळ आहेत. इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर जिना उतरता येत नाही म्हणून वर्षानुवर्षे मिस्साला येऊ न शकलेले वृद्ध आहेत, आणि कारखाना बंद पडल्यापासून शेजाऱ्यांची नजर चुकविणारे कुटुंबप्रमुखही आहेत. त्यांच्या माना आपल्या डोळ्यांना कललेल्या दिसत नाहीत, एवढेच. येत्या रविवारी मिस्सा संपल्यावर प्रत्येक कुटुंबाने अशा एकातरी घराची पायरी चढावी. घरात ससा असेल, तर त्याचे गवतपाणी आधी करून निघावे.